घरीच होते

मुलाखत जवळजवळ संपली होती. समोरची मुलगी सत्तावीस-अठ्ठावीसची असेल, बोलायला गोड, कामात नीटनेटकी. तिनं माझा सीव्ही स्वतःकडे वळवून घेतला, पेनाचं टोपण एका ओळीवर टेकवलं आणि विचारलं, "मॅम, हा २०१४ ते २०२३ गॅप दिसतोय, त्यात काय करत होतात?" मी पटकन म्हणून गेले, "घरीच होते." तिनं मान डोलावली, कागदावर काहीतरी टिपलं, आणि मग पगाराच्या अपेक्षेचं बोलणं निघालं. तिचं काही चुकलं नाही. विचारायचं म्हणून विचारलं, मी सांगायचं म्हणून सांगितलं. पण खाली येऊन रिक्षाची वाट बघत उभी राहिले तेव्हा ते वाक्य घशात अडकल्यासारखं झालं. त्यातला तो 'च'. नुसतं "घरी होते" म्हटलं असतं तर ती माहिती झाली असती. "घरीच होते" म्हटल्यावर ती कबुली होते. त्या एका अक्षरानं मी नऊ वर्षं स्वतःच्या हातानं पुसून टाकली होती, आणि तीही कुणी मागितलं नसताना.

रात्री झोप येईना. मग नेहमीसारखं मन तिच्याकडे गेलं. मेरिलिन रॉबिन्सन या अमेरिकी कादंबरीकार बाईकडे. तिच्या सीव्हीत असाच एक गॅप आहे, माझ्यापेक्षा कितीतरी मोठा. पहिली कादंबरी १९८० साली. दुसरी २००४ साली. मध्ये चोवीस वर्षं.

तिची माझी गाठ पडली ती अमेरिकेतल्या आयोवात. नवऱ्याच्या कंपनीनं आम्हाला दोन वर्षांसाठी सीडर रॅपिड्सला पाठवलं होतं. मका, सोयाबीन, सपाट आभाळ, हिवाळ्यात कानाच्या पाळ्या दुखवणारा वारा आणि ओटमीलच्या कारखान्याचा भाजक्या धान्यासारखा वास, असं ते गाव. आयोवा सिटी तिथून अर्ध्या तासावर. शनिवारी आम्ही तिकडे जायचो, कारण तिथे डब्यूक स्ट्रीटवर 'प्रेरी लाइट्स' नावाचं पुस्तकांचं दुकान आहे आणि एका रस्त्याच्या फरशीत लेखकांची वाक्यं कोरलेले ब्राँझचे पत्रे बसवलेले आहेत. ते वाचत चालायला माझी मुलगी उड्या मारत पुढे जायची. आमचे दिलीप चित्रे १९७५ साली याच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमात येऊन राहिले होते, हे मला माहीत होतं. त्यामुळे त्या परक्या गावात उगाच एक ओळखीचा कोपरा असल्यासारखं वाटायचं. रॉबिन्सनबाई त्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या विभागात, रायटर्स वर्कशॉपमध्ये, १९९१ पासून शिकवत होत्या. (त्यांच्याबद्दल बोलताना एकदम 'ती'वर येते मी. पण ज्यांना रात्री-अपरात्री वाचलं त्यांना अहो-जाहो करणं जमत नाही.) दुकानात तिची पुस्तकं समोरच मांडलेली असायची. मी दोन घेतली. 'हाउसकीपिंग' आणि 'गिलिअड'.

'हाउसकीपिंग' वाचत होते त्याच जूनमध्ये पूर आला. २००८ चा. सीडर नदी ३१ फुटांच्या वर चढली, शहराचा मधला सगळा भाग पाण्याखाली गेला, वाचनालयात पाणी शिरून हजारो पुस्तकांचा लगदा झाला. आमचं घर उंचावर होतं, आम्हाला काही झालं नाही. पण पाणी ओसरल्यावर मदतीला गेलो तेव्हा एका बाईंच्या घरात जो वास आला तो अजून नाकात आहे. गाळ, डिझेल, भिजलेला गालिचा आणि फ्रीजमधलं नासलेलं दूध. त्या बाई हातमोजे घालून एकेक बशी पाण्यात विसळत होत्या आणि अंगणात टॉवेल पसरून त्यावर ओळीनं मांडत होत्या. अख्खं घर फेकायच्या लायकीचं झालेलं, आणि बशा मात्र स्वच्छ.

आणि घरी येऊन मी जे पुस्तक उघडत होते त्यातही पूरच होता. फिंगरबोन नावाचं तळ्याकाठचं गाव, दोन अनाथ बहिणी, रूथ आणि ल्युसिल, आणि त्यांना सांभाळायला आलेली मावशी सिल्व्ही, जी आयुष्यभर मालगाड्यांतून भटकलेली आहे. घरात चार बोटं पाणी साचलंय, आणि ही मावशी भाचीचे हात धरून त्या पाण्यात वॉल्ट्झची चार-सहा पावलं टाकते. घर त्यांच्याभोवती वाहत असतं. मी ते पान वाचून पुस्तक मिटलं आणि बराच वेळ बसून राहिले. दुपारच्या त्या बशा आणि ही पावलं, यातलं घर सांभाळणं कुठलं?

'हाउसकीपिंग' या नावाचं मराठी करता येत नाही. 'घरकाम' म्हटलं तर धुणीभांडी डोळ्यांपुढे येतात. 'घर राखणं' थोडं जवळ जातं, कारण राखण करायची म्हणजे काहीतरी जाण्याची भीती आलीच. सिल्व्ही बूट घालून झोपते, अंधारात जेवते, रिकामे डबे धुऊन त्यांचे मनोरे रचते, वर्तमानपत्रांच्या थप्प्या लावते. साठवणं म्हणजेच घर चालवणं, असं तिला मनापासून वाटतं. गावातल्या बायका केक आणि डबे घेऊन येतात आणि बसल्या बसल्या त्या थप्प्या बघतात. त्यांच्यात दुष्टावा नाही. रूथची काळजी आहे. त्या काळजीनंच शेवटी मुलगी मावशीपासून तोडायची वेळ येते, आणि मग मावशी-भाची घराला आग लावतात आणि रात्री रेल्वेच्या पुलावरून चालत निघून जातात. मी तेव्हा पस्तिशीत होते, घर लखलखीत ठेवण्याचा मला अभिमान होता. सिल्व्हीचा मला राग आला होता, हे आज सांगून टाकते.

ते तळं, तो पूल रॉबिन्सननं कल्पनेतून आणलेला नाही. ती १९४३ साली आयडाहोतल्या सँडपॉइंटला जन्मली. तिथे खरंच एक अफाट तळं आहे आणि त्यावरून लांबलचक रेल्वेपूल जातो. वडील लाकडाच्या धंद्यात, लहानपण गावोगाव पण सगळं त्याच डोंगर-जंगलाच्या टापूत. शाळेत लॅटिनच्या बाई सिसेरोची मैलभर लांब वाक्यं सोडवायला लावायच्या, आणि ती वळणं आपल्या हातात उतरली, असं तिनं लिहून ठेवलंय. तिच्या त्याच लेखातली एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. ती म्हणते, आमच्याकडे 'लोन्सम' हा शब्द चांगल्या अर्थानं वापरतात. एकटं असणं ही तिथे उणीव नव्हे, ती एक मिळकत आहे. मला एकदम आपला 'एकांत' आठवला. तुकोबांना रुचलेला. 'एकाकी' आणि 'एकांत' यांत मराठीनं जी सीमा आखून ठेवली आहे, ती तिला इंग्रजीत एकाच शब्दाच्या पोटात सापडली होती.

पहिल्या पुस्तकाची कुळकथाही तशीच. सिएटलला शेक्सपिअरवर पीएचडीचा प्रबंध लिहीत असताना ती मध्येच कागदांवर रूपकं लिहायची. सुटी सुटी, कशाशी संबंध नसलेली. लिहायची आणि ड्रॉवरमध्ये टाकायची. १९७७ मध्ये डॉक्टरेट झाली, मग एकदा ते कागद काढून पाहिले तर ते एकमेकांशी बोलत होते. त्यातून 'हाउसकीपिंग' उभी राहिली. हे छापलं जाईल असं तिला वाटतच नव्हतं. एका लेखक मित्राला वाचायला दिलं, त्यानं ते आपल्या एजंटकडे पाठवलं. पुढे त्या पुस्तकाला हेमिंग्वे पुरस्कार मिळाला, पुलित्झरच्या अंतिम यादीत नाव आलं.

आणि मग कादंबरी नाही. वर्षामागून वर्षं नाही.

मला आधी वाटायचं तिला सुचतच नसेल. मग समजत गेलं तसं ते चित्र बदललं. ऐंशीच्या दशकात ती काही काळ इंग्लंडात शिकवायला होती. तिथल्या वर्तमानपत्रांत सेलाफिल्ड नावाच्या अणुप्रकल्पाच्या बातम्या यायच्या, किरणोत्सारी पाणी पाइपातून थेट आयरिश समुद्रात सोडलं जात असल्याच्या. बातमी छापली जायची, लोक वाचायचे, चहा प्यायचे. तिला ते सहन होईना. कादंबरीकार बाई अणुकचऱ्याच्या मागे लागली. १९८९ मध्ये 'मदर कंट्री' आलं. ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेच्या ब्रिटिश शाखेनं बदनामीचा दावा लावला, आणि ज्या देशाबद्दल ते होतं त्याच देशात ते पुस्तक वाचकांच्या हाती पडलं नाही. त्याच वर्षी तिचा घटस्फोट झाला. दोन मुलगे होते. आणि तरी आपल्या पुस्तकांतलं एकच ठेवायचं झालं तर ते ठेवीन, असं ती त्या पुस्तकाबद्दल म्हणत आली आहे. म्हणजे आपण ज्याला मधली रिकामी वर्षं म्हणतो, तिच्या लेखी सर्वांत मोलाचं काम तिथेच आहे.

त्या पुस्तकानं तिच्यावर आणखी एक परिणाम केला. आपल्याला शिकवलेलं कितीतरी ऐकीव होतं, असं तिच्या लक्षात आलं, आणि ती पुन्हा विद्यार्थी झाली. मार्क्सबद्दल न वाचता मार्क्स, डार्विनबद्दल न वाचता डार्विन, अॅडम स्मिथ, धर्मसुधारक कॅल्व्हिन. मूळ ग्रंथ, पहिल्या पानापासून. आयोवात आल्यावर तिला प्रश्न पडला की मी राहते ती जागा कोणती? लोक म्हणत, मक्याची शेतं, दुसरं काय. तिनं खोदलं तेव्हा सापडलं की या कंटाळवाण्या वाटणाऱ्या गावांतली काही गुलामगिरी मोडायला निघालेल्या लोकांनी वसवलेली होती. नैऋत्येच्या कोपऱ्यातलं टेबर तसं होतं. तिथल्या जॉन टॉड नावाच्या पाद्रीनं, गुलामगिरीविरुद्ध हत्यार उचललेल्या जॉन ब्राउनची शस्त्रं आपल्या घरी ठेवून घेतली होती. शंभर वर्षांत ते सगळं गाव स्वतःच विसरून गेलं. त्या टेबरवरूनच पुढे तिच्या कादंबरीतलं गिलिअड हे गाव आलं. हे सगळं 'काय लिहिताय सध्या?' या प्रश्नाच्या उत्तरात सांगता येत नाही.

इथे मी थांबते, कारण मला प्रामाणिकपणे एक गोष्ट मांडायची आहे. तिची चोवीस वर्षं आणि माझी नऊ एका तागडीत बसत नाहीत. तिच्याकडे विद्यापीठाचा पगार होता, ग्रंथालय होतं, समोर विद्यार्थी होते. तिच्याच वर्गात बसलेल्या पॉल हार्डिंगला २०१० मध्ये पुलित्झर मिळालं. तिची शांतता भरलेली होती, असं आपण आज म्हणू शकतो कारण पुढे 'गिलिअड' आली. ती आली नसती तर? १९८० नंतर एकही कादंबरी न लिहिता ती निवृत्त झाली असती, तर तेच वाचन, त्याच नोंदी, तेच खोदणं कुणी मोजलं असतं का? मला या प्रश्नाचा त्रास होतो. कारण माझ्या गॅपच्या पलीकडच्या काठावर काही उभं नाही.

माझ्या नऊ वर्षांचं साधं आहे. २०१४ च्या दिवाळीत माईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली. वाचा जाऊन-येऊन. सुरुवातीला वाटलं सहा महिने रजा घेऊ. मग बिनपगारी रजा, मग राजीनामा. मुलगी शाळेत होती, नवरा फिरतीवर. दिवसा मदतीला मावशी यायच्या, रात्र माझी. कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, लघवीची पिशवी बघायची, अडीचला पाणी, पाचला गोळी. एका दोनशे पानी वहीत मी वेळा लिहून ठेवायचे, कारण झोपेत चूक व्हायची भीती. आणि त्या रात्रींत, आयोवाहून आणून वीस पानांनंतर बाजूला ठेवलेलं 'गिलिअड' पुन्हा हातात आलं. तेव्हा मला ते संथ, कंटाळवाणं वाटलं होतं. आता माझ्या रात्रींचा वेग आणि त्या पुस्तकाचा वेग एकच झाला होता.

साल १९५६. जॉन एम्स हा शहात्तर वर्षांचा पाद्री. हृदय थकलंय, फार दिवस नाहीत हे डॉक्टरांनी सांगितलंय, आणि उतारवयात झालेला मुलगा अजून सात वर्षांचाही नाही. तो मोठा होईल तेव्हा वाचायला म्हणून हा बाप पत्र लिहितोय. बस, एवढीच कादंबरी. खिडकीबाहेर मायलेक साबणाचे फुगे उडवतात आणि मांजर त्यांच्यामागे उड्या मारतं, ते तो लिहितो. पावसानंतर रस्त्यानं एक तरुण जोडपं चाललंय, मुलगा गंमत म्हणून उडी मारून फांदी ओढतो, वरून पाणी सळसळत खाली येतं, मुलगी हसत केस आणि कपडे झटकते, ते तो लिहितो. वीज पडून जळालेलं देऊळ सगळं गाव पावसात उतरवतंय, बायका गाणं म्हणताहेत, आणि बाप राखेनं काळ्या झालेल्या हातांनी बिस्किटाचा तुकडा मोडून पोराला देतो. ती राखेची चव त्याला आयुष्यभर प्रसादासारखी आठवते. माळ्यावर त्याची जन्मभराची प्रवचनं खोक्यांत भरून ठेवलेली आहेत. वर्षाला पन्नास, पंचेचाळीस वर्षं, म्हणजे दोन हजार दोनशे पन्नास, असा हिशेब तो मांडतो. कुणी पुन्हा वाचणार नाही हे त्याला ठाऊक आहे.

त्यालाही एक गॅप आहे. पहिली बायको बाळंतपणात गेली, पाठोपाठ लेकही गेली, आणि मग कित्येक वर्षं तो त्या घरात एकटा राहिला. वाचत, रेडिओवर बेसबॉल ऐकत, गावकऱ्यांनी दारात ठेवलेलं जेवत. रात्री उशिरापर्यंत त्याच्या अभ्यासिकेत दिवा दिसायचा, तेव्हा लोक म्हणायचे, केवढी साधना! म्हातारा पत्रात सांगून टाकतो की दिवा जळत राहायचा कारण मी खुर्चीतच झोपून गेलेलो असायचो. ती ओळ वाचली तेव्हा पहाटेचे तीन वाजले असतील. समोरच्या इमारतीतल्या काकू दोनच दिवसांपूर्वी लिफ्टमध्ये म्हणाल्या होत्या, "तुमच्याकडे रात्रभर दिवा असतो हो, किती करतेस सासूचं!" आणि मी काही बोलले नव्हते. खरं हे होतं की दिवा मालवायला उठण्याइतकंही अंगात त्राण नसायचं. कधी कधी माईंनी दोनदा हाक मारल्यावर जाग यायची, कधी मी मुद्दाम तिसऱ्या हाकेची वाट बघायचे. हे त्या काकूंना कसं सांगणार? पण एम्सला सांगता आलं असतं असं वाटलं. मी त्या रात्री खूप रडले, आणि माई अंथरुणातून डाव्या हाताची बोटं हलवून "काय गं?" असं विचारत राहिल्या.

'गिलिअड' सुरू कसं झालं, हे रॉबिन्सननं एका मुलाखतीत सांगितलंय. नाताळसाठी मुलं येणार होती, ती मॅसॅच्युसेट्सला समुद्रकाठच्या एका हॉटेलात थांबली होती. मुलांना यायला उशीर झाला. खिडकीतून उजेड येत होता, बाहेर समुद्र गाजत होता, जवळ एक कोरी स्पायरल वही होती. आणि एका म्हाताऱ्याचा आवाज बोलायला लागला. पुरुष का, म्हातारा का, तिलाही नवल वाटलं. चोवीस वर्षांचं दार उघडलं ते मुलांची वाट बघताना हाताशी आलेल्या त्या एक-दोन मोकळ्या दिवसांत. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २००५ चं पुलित्झर, मग त्याच गावातल्या त्याच माणसांच्या आणखी तीन कादंबऱ्या, 'होम', 'लायला', 'जॅक'. आणि २०१५ च्या सप्टेंबरात अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष डे मॉइनला तिच्यासमोर बसला आणि ओबामांनी तिची मुलाखत घेतली. उलटं नाही. त्यांनी 'गिलिअड' वाचलं होतं ते आयोवात प्रचारासाठी फिरताना. आम्ही तिथे होतो तेव्हाच ते त्या सपाट रस्त्यांवरून हिंडत होते.

माई २०२२ च्या ऑगस्टमध्ये गेल्या. नंतरचं एक वर्ष मी काय केलं ते मला सांगता येणार नाही. रात्री अडीचला जाग यायची, इतकंच आठवतं.

मुलाखतीच्या त्या रात्री मी कपाटातून ती वही शोधून काढली. एकीच्या पाच झाल्या होत्या. बहुतेक पानांवर फक्त वेळा, गोळ्यांची नावं, बीपीचे आकडे. त्यात कुठे वेगळं काही असेल असं वाटलं नव्हतं आणि फारसं नाहीच. पण तिसऱ्या वहीत, अक्षर झोपेनं तिरकं झालेलं, २०१७ च्या जुलैतली एक नोंद आहे, आणि ती मी लिहिल्याचं मला अजिबात आठवत नाही.

"२.४० पाणी. दोन घोट. नंतर माई नीट बोलल्या, जवळजवळ दहा मिनिटं. माहुलीचा घाट. पुरात सगळ्या पायऱ्या गेल्या होत्या म्हणाल्या, वरची एकच उरली होती, तिच्यावर आईनं कपडे धुतले. बंद करायला नको होता घाट, म्हणाल्या. मग हसल्या. कूस बदलली. ३.०५."